खुणेचं फडकं

डोंबिवलीला जायला दामाजीने नकार दिला, तेव्हा त्याचं कारण घरात एकीलाच कळलं. जिला कळलं ती त्याची बायको आवडाबाई, आणि ती काही बोलली नाही. मुलगा तानाजी मात्र बोलून बोलून थकला. त्याचा मासळीचा आणि बर्फाचा धंदा डोंबिवलीकडेच वाढला होता. दोन टेम्पो होते, तिसरा यायचा होता. स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर त्याने तीन खोल्यांची जागा घेतली होती, आणि आईबाप ठाण्याच्या खाडीकाठी बाळकुमला, आपण तिकडे, ही ओढाताण त्याला नको होती.

“बाबा, इथे काय ठेवलंय तुमचं?” तो विचारायचा. “गिरणी बंद पडली. गाव गाव राहिलं नाय. सातव्या मजल्यावर बसून दिवसभर खाडी बघता. तिकडे आरामात राहा ना.”

“बघू,” दामाजी म्हणायचा.

हे ‘बघू’ वर्षभर चाललं. एकोणीसशे सत्त्याण्णव साल संपत आलं, तानाजीच्या नव्या जागेला रंगही लागला, आणि म्हातारा अजून बघतच होता.

दामाजीचं तिथे एक तांबडं फडकं होतं. दिवसाच्या ओहोटीला ते गॅलरीच्या कठड्याला बांधायचं, हे त्याचं काम. हे काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं आणि त्याबद्दल घरात कुणी एक शब्द बोलतही नव्हतं. पण ते सोडून आपण गेलो, तर थोरल्या भावाची खूण आपण दुसऱ्यांदा मोडली असं होईल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. पहिल्यांदा मोडली त्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून परशुरामदादा त्याच्याशी बोलला नव्हता.

खूण म्हणजे काय, हे खाडीवर न वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. बाळकुमच्या कोळ्यांची जाळी खाडीत ठरलेल्या जागी लागायची. प्रत्येक घराची आपली जागा, वाडवडलांपासूनची. तिथे तळाच्या चिखलात खुंट ठोकलेले असायचे आणि ओहोटी लागायच्या आत त्यांना जाळं बांधायचं असायचं. खुंटांची डोकी पाण्याखाली. वर ओळखीला पिंप बांधलं तर रेतीवाल्यांच्या बोटी ते तोडून न्यायच्या. मग एवढ्या सपाट पाण्यावर आपली जागा ओळखायची कशी? तर किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एकामागे एक येतात तिथे होडी आणायची. परशुरामच्या जागेची खूण अशी होती की पश्चिमेला येऊरच्या डोंगराला जी खाच आहे, तिच्या बरोबर खाली वाडीतला ताड आला पाहिजे. ताड खाचेच्या डावीकडे दिसला तर होडी चुकली, उजवीकडे दिसला तरी चुकली. दुसऱ्याच्या जागेवर जाळं टाकणं हा गावकीतला मोठा गुन्हा, आणि दुसऱ्याची खूण मोडणं हा त्याहून मोठा. कोळ्याच्या घरात पोरांना हे चालायला लागायच्या आधी कळायचं.

तो ताड वाटणीत दामाजीच्या वाट्याला आला होता. बाप असेपर्यंत नारळी पुनवेला त्या ताडाच्या शेंड्याला तांबडं फडकं बांधलं जायचं, लांबून नीट दिसावं म्हणून. बापाच्या मागे दामाजी चढायचा. तो गिरणीत कामाला लागला, हातातलं वल्हं सुटलं, पण पुनवेला ताडावर चढणं त्याने सोडलं नाही. जाळं दादाचं, ताड आपला, असा हा सरळ हिशोब दोघा भावांत होता आणि त्यावर कधी चर्चा करायची वेळ आली नव्हती.

मग ठाणं वाढायला लागलं. शहरं वाढतात ती काही कुणाला विचारून वाढत नाहीत. आधी ती आजूबाजूच्या गावांकडून माल मागतात, मग माणसं मागतात आणि शेवटी गावाची जमीनच मागतात. मागायची पद्धत एवढी गोड असते की देणाऱ्याला आपणच शहाणे आहोत असं वाटतं. वागळे इस्टेटीत कारखाने आले, घोडबंदर रस्त्याला औषधांच्या, रंगांच्या कंपन्या आल्या. कसारा, शहापूर, आंबिवलीकडची पोरं सकाळी ठाण्यात उतरायला लागली. बँका आल्या, मोठी हॉस्पिटलं आली, लग्नाचे हॉल आले. पूर्वी बाळकुमची बाई डोक्यावर पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात जायची आणि खाडी जे देईल ते ठाणं खायचं. आता ठाण्याचं पोट एवढं सुटलं की खाडी त्याला पुरेना. मुंबईच्या बंदरावरून, गुजरातेतून बर्फात घातलेली मासळी ट्रकने यायला लागली. मग कल्याण-डोंबिवलीच्या, आंबिवलीच्या बायकाही ठाण्याला माल उचलायला येऊ लागल्या. ज्या बाजाराला बाळकुमची खाडी पुरवायची, तो बाजार आता बाळकुमलाच मासळी विकू लागला.

गिरणी बंद पडली त्या वर्षी दामाजीकडे बिल्डर आला. दामाजी घरी बसलेला, तानाजी नुकताच शाळेतून बाहेर पडून उंडारत असलेला. जागा द्या, इमारत उभी करतो, त्यात तुम्हाला घर, वर पोराला टेम्पो, असं बोलणं झालं. दामाजीला हे वाईट वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर वाईट नव्हतंही. आपल्या पोराने चिखलात उभं राहू नये असं कुठल्या बापाला वाटत नाही?

परशुराम तेव्हा एकदाच आला. ओटीवर बसला नाही, अंगणात ताडाला टेकून उभा राहिला.

“जागा तुजी हाय,” तो म्हणाला. “देनं न देनं तुज्या हातात. ताड तेवढा राखशील?”

“राखीन,” दामाजी म्हणाला.

त्याने बिल्डरला तसं सांगितलं. बिल्डर म्हणाला, एक झाड ना, राहू द्या की, कंपाउंडला शोभा येईल. दामाजीला तो शब्द पुरेसा वाटला. कोळीवाड्यात जाग्याचा, खुणेचा व्यवहार शब्दावरच चालायचा. शब्द देणारा माणूस उद्याही याच खाडीवर असणार, हे तिथे गृहीत असतं. बिल्डर खाडीवर राहणारा नव्हता, एवढा साधा फरक दामाजीच्या ध्यानात आला नाही.

पायाचं खोदकाम निघालं तेव्हा दामाजी आंबिवलीला बहिणीच्या घरी बारशाला गेला होता. परत आला तर ताडाच्या जागी खड्डा होता आणि ताडाचे तुकडे रस्त्याकडेला रचून ठेवलेले होते. बिल्डर म्हणाला, पिलरच्या मधोमध येत होतं, काय करणार. दामाजी त्या ओंडक्यांपाशी बराच वेळ बसून राहिला. दादाकडे जाऊन सांगावं, असं त्याला दहा वेळा वाटलं. पण जाऊन सांगायचं काय? मी गावाला गेलो होतो? तो गेला नाही, आणि दादाही विचारायला आला नाही. गावकीत तक्रार करायचा परशुरामला हक्क होता. त्याने तीही केली नाही. त्याने फक्त बोलणं बंद केलं, आणि दामाजीला ते दंडापेक्षा जड गेलं.

त्यानंतर इमारत उभी राहीपर्यंत परशुराम जागा चाचपडत राहिला. एकदा त्याने चुकून शेजारच्या काळुरामच्या खुंटांना जाळं बांधलं. परशुराम म्हणजे गावात जागांचे तंटे सोडवणारा माणूस. तो गावकीसमोर उभा राहिला, चूक झाली म्हणाला, देवीपुढे नारळ ठेवला आणि मान खाली घालून घरी गेला. दामाजी मागच्या रांगेत उभा होता. ती मान खाली गेलेली त्याने पाहिली आणि त्याला जमिनीत जावंसं वाटलं.

इमारत झाली. दामाजीला सातव्या मजल्यावरचं घर मिळालं, खाडीच्या बाजूचं. पहिल्याच दिवशी तो गॅलरीत गेला. समोर पाणी, मागे डोंगर. हे घर ताड होता त्याच जागेवर, त्याच्या शेंड्याच्या उंचीला लटकलेलं होतं. दामाजी आत गेला, आवडाबाईची पेटी उघडली, त्यातून एक जुनं तांबडं लुगडं काढलं, उभं फाडलं आणि कठड्याला बांधलं.

“माजं लुगडं फाडलंस?” आवडाबाईने विचारलं.

“दादाला खूण पायजे,” तो म्हणाला.

तिने दुसरा अर्धा भाग घडी करून पेटीत ठेवला. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या आधी परशुरामची होडी निघाली. खाडीच्या मध्यावर ती थांबली, थोडी डावीकडे सरकली, मागे आली, आणि अगदी वडलांच्या जागेवर येऊन उभी राहिली. सातव्या मजल्यावरून माणूस बोटाएवढा दिसत होता. तो वाकला आणि जाळं बांधायला लागला. दामाजी गॅलरीत उभ्या उभ्या रडला, आणि त्याला लाज वाटू नये म्हणून आवडाबाई आत भांडी आपटत राहिली.

तेव्हापासून नेम झाला. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान कधी, ओहोटी कधी लागणार, हे दामाजीला पंचांग न उघडता समजायचं. वेळेच्या आधी फडकं बांधायचं, होडी परतली की सोडायचं. कायम बांधून ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण मग त्यात आपलं काय राहिलं, असं त्याला वाटायचं. भाऊ बोलत नव्हता, पण फडकं लागलं की निघत होता. दामाजीच्या लेखी हेच बोलणं होतं.

या फडक्यापायी सोसायटीत त्याने कमी ऐकलं नाही. नवे राहायला आलेले लोक म्हणायचे, झोपडपट्टीसारखं दिसतं. कुणी म्हणालं, करणीबिरणीचं असेल. शेवटी मीटिंगमध्ये विषय निघाला. सेक्रेटरी सीताराम सोनवणे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. चाळीत वाढलेले, भीमजयंतीला चाळीतल्या पोरांसाठी वह्या घेऊन जाणारे. त्यांनी दामाजीला घरी बोलावलं आणि चहा दिला.

“दामाजीराव, लोकांना उत्तर द्यावं लागतं मला. ते काय आहे, एवढं फक्त सांगा.”

दामाजीने सगळं सांगितलं. सोनवण्यांनी मीटिंगची वही पुढे ओढली. मग म्हणाले, “राहू द्या. कपडा वाळत घातलाय असं लिहितो.”

वर्षं गेली. तानाजीचा एक टेम्पो, मग दुसरा. पहाटे मुंबईच्या बंदरावरून माल उचलायचा, ठाण्याला अर्धा उतरवायचा, उरलेला कल्याण, डोंबिवली, ठाकुर्ली. परशुरामची बायको जनाबाई ठाण्याच्या बाजारात बसायची. तिच्या पाटीत आता तानाजीच्याच टेम्पोतली मासळी असायची. चुलती म्हणून तानाजी तिला चांगला माल काढून द्यायचा. खाडीच्या मासळीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. शिजवली की रॉकेलचा वास येतो, असं बायका तोंडावर सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं. कंपन्यांचं पाणी खाडीत कधी पिवळं, कधी तांबूस उतरायचं. काळुरामने जाळं विकलं आणि वॉचमनची नोकरी धरली. एकेक करून होड्या काठावर पालथ्या पडल्या. परशुरामची तेवढी निघत होती.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या मागे नवा टॉवर उभा राहिला, चौदा मजल्यांचा. एका सकाळी दामाजी बाळकुमच्या बंदरावर पाय मोकळे करायला गेला होता. त्याने वळून पाहिलं तर येऊरच्या डोंगराची खाच दिसेना. टॉवरने ती झाकली होती. खाच नाही तर नुसतं फडकं कसली खूण? एका डोळ्याने सुई ओवण्यासारखं ते. पण त्याच दुपारी होडी निघाली आणि बरोबर जागेवर जाऊन थांबली. दादाने दुसरं काहीतरी हेरलं असेल, एवढ्या वर्षांत पाणीच ओळखीचं झालं असेल, असं दामाजीने स्वतःला समजावलं. होडी येते म्हणजे फडकं लागतं. त्याने पुढे विचार केला नाही, कारण पुढचा विचार त्याला नको होता.

आणि आता डोंबिवली.

तानाजीने शेवटी आवाज चढवला. “मी काय परका आहे? पोराकडे यायला इतके आढेवेढे? आईचे गुडघे बघा, इथली लिफ्ट आठवड्यातून तीन दिवस बंद.”

दामाजीने आवडाबाईकडे पाहिलं. ती गुडघ्यांबद्दल कधी बोलली नव्हती. आत्ता ती फक्त भिंत धरून उठली. ते उठणं पाहिलं आणि दामाजीचं ‘बघू’ संपलं.

“रविवारी जाव,” तो म्हणाला. “पन त्याच्या आदी मना एकदा दादाकडं जायचं हाय.”

दादाचं घर हाकेच्या अंतरावर होतं. तेवढं चालायला त्याला अकरा वर्षं लागली. दुपारची वेळ होती, ओहोटीला अजून अवकाश होता. परशुराम घरी नव्हता, होडीपाशी गेला होता. जनाबाई बाजारातून येऊन दारात पाय पसरून बसली होती. दिराला पाहून तिने पदर सावरला आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

“बसा भावजी,” ती म्हणाली, जणू तो कालच येऊन गेला होता.

दामाजी बसला. पाणी प्यायला. मग खाली बघत म्हणाला, “वयनी, तानाजी डोंबिवलीला नेतो. मी गेलो तं फडकं कोन लावील? सोनवनेसायबांना सांगून ठेवीन म्हनतो. पन दादाला चाललं पायजे. तू विचारशील?”

जनाबाईने मान वर केली. तिच्या तोंडावर राग नव्हता, हसू नव्हतं. दमलेल्या बाईचा चेहरा असतो तसा होता.

“कसली खूण नि कसलं काय, भावजी,” ती म्हणाली. “जालं कवाचं माल्यावर टाकलंय. उंदरांनी खाल्लं.”

“मंग होडी?”

“होडी जाते. तुमचं फडकं लागतं म्हनून जाते.”

दामाजीला कळलं नाही, की कळलं आणि वळलं नाही. जनाबाईने तांब्या उचलून बाजूला ठेवला आणि सावकाश सांगितलं.

“मी किती येला बोल्ले, छातीत दुखतं तुमच्या, घरात बसा. खाडीत काय हाय? तं बोलतात, दामानं फडकं लावलंय. म्यां गेलो नाय तं तो तिकडं उभा रावंल. त्याला वाटंल, ताडाचा राग म्यां अजून धरलाय.” ती थांबली. “एकदा मी होडीत गेल्ते संगती. तिथं थांबवली होडी, वाकले, नि जालं बांधल्यासारखं केलं. हातात काय नाय. मी इचारलं, ह्ये काय? तं बोलले, तो वरनं बगतो.”

बाहेर रस्त्यावर सिमेंटचा ट्रक मागे घेत होते, त्याची शिट्टी वाजत होती. दामाजीने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्याला आठवत होता तो बोटाएवढा माणूस, वाकणारा, उठणारा, पुन्हा वाकणारा. उन्हाळ्यात, थंडीत, गणपतीत. आपण कठड्याला धरून उभे, आपलं कर्तव्य केल्याच्या समाधानात. किती वेळा वाकवलं आपण त्याला.

“त्याना सांगू नका, मी सांगितलं म्हनून,” जनाबाई म्हणाली.

दामाजी उठला आणि घराकडे न जाता बंदराकडे गेला. परशुराम होडीतलं पाणी डब्याने उपसत होता. केस पांढरे झाले होते, मनगटं बारीक झाली होती. भाऊ समोर येऊन उभा राहिलेला त्याने पाहिला, डबा खाली ठेवला, आणि होडीत एका बाजूला सरकला. दामाजी चिखलातून आत गेला, पँट गुडघ्यापर्यंत भरली, आणि पुढे जाऊन बसला. परशुरामने वल्हं घेतलं. थोड्या अंतरावर दामाजीने हात पुढे केला, आणि परशुरामने ते त्याला दिलं. पहिले चार हात वाकडे पडले, मग बरे पडायला लागले.

पाण्याला औषधासारखा वास होता. मध्यावर आल्यावर परशुराम “हां” म्हणाला. दामाजीने वल्हं उचललं. त्याने वळून किनाऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत इथून त्याने पहिल्यांदा पाहिलं. इमारतींच्या मागे इमारती होत्या, डोंगराचा मागमूस नव्हता. सातव्या मजल्याची गॅलरी रिकामी होती. वेळ झाली होती आणि फडकं लावायला तो घरी नव्हता.

तेवढ्यात गॅलरीत काहीतरी हललं. एक लहानशी आकृती कठड्यापाशी आली, आणि तिथे तांबडं काहीतरी वाऱ्यावर उघडलं. आवडाबाईने पेटीतला दुसरा अर्धा भाग काढला असावा, कारण पहिला दामाजीच्या उशाखाली होता.

परशुरामने ते पाहिलं आणि सवयीने वाकला. त्याचे हात पाण्याकडे गेले, बोटं दोरी ओढल्यासारखी हलली. मग समोर भाऊ बसलाय हे त्याच्या ध्यानात आलं. तो तसाच अर्धा वाकलेला राहिला. मग सावकाश सरळ झाला आणि हात मांडीवर पुसले, ओले नव्हते तरी.

होडी ओहोटीला हळूहळू फिरत होती.

“ताड मी नाय तोडला, दादा,” दामाजी म्हणाला.

“ठाव हाय.”

“कवापासून?”

“त्याच दिसापासून. तू आंबिवलीला गेल्तास, सगल्या गावाला ठाव होतं.”

“मंग बोल्ला का नाय?”

परशुराम पाण्याकडे बघत होता. “तू येशील नि सांगशील, म्हनून थांबलो,” तो म्हणाला. “मंग लय दिस झाले. मंग फडकं लागलं, नि मना वाटलं, आता बोलाया पायजेच असं काय नाय.”

दामाजीला हुंदका आला. त्याने तो गिळला नाही. थोरल्या भावाने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण वल्हं आपल्या हातात घेतलं.

“डोंबिवलीला चाललो मी,” दामाजी म्हणाला. “रविवारी. तानाजीकडं.”

“जा. पोराचा धंदा तिथं वाढतो, तू हितं बसून काय करशील? आता समदं तिकडंच सरकनार.” परशुरामने होडी काठाकडे वळवली. दोन हात मारल्यावर तो दम घ्यायला थांबला. मग म्हणाला, “जाताना फडकं काढ पन. सोनवन्याला, कुनालाच सांगू नको लावाया. ऱ्हायलं तं मना यावं लागंल.”

“काढतो,” दामाजी म्हणाला.

रविवारी तानाजीचा टेम्पो खाली लागला. त्यात नेहमी बर्फाच्या पेट्या असायच्या, आज गाद्या, भांडी आणि आवडाबाईची पेटी होती. परशुराम आणि जनाबाई सकाळीच येऊन गेली होती. परशुराम लिफ्टने वर आला, पहिल्यांदाच. गॅलरीत गेला, खाली पाण्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला, आणि म्हणाला की इथून लांबचं बरंच दिसतं. मग चहा घेऊन गेला.

सगळं सामान खाली गेलं. आवडाबाई सोनवण्यांच्या घरी निरोप घ्यायला गेली. दामाजी एकटा गॅलरीत आला. ओहोटी लागायची वेळ झाली होती. फडकं दोन दिवस तिथेच होतं, कठड्याला आवडाबाईने बांधलेल्या घट्ट गाठीत. गाठ सुटायला वेळ लागला, त्याची नखं दुखली. त्याने फडक्याची घडी केली आणि काखेत धरली.

मग तो थांबला. खालून तानाजीने हॉर्न वाजवला, तरी थांबला. ओहोटी लागली, पाणी ओढलं जाऊ लागलं, काठाचा चिखल उघडा पडला. बंदराजवळ परशुरामची होडी बांधलेली होती आणि हलत नव्हती. खाडीत कुणी नव्हतं. त्याच्या जन्मात त्याने ती जागा भर ओहोटीला अशी रिकामी पाहिली नव्हती.

दादा घरी असेल, पाय पसरून बसला असेल, छातीला आराम असेल. हेच तर आपल्याला हवं होतं, असं त्याने मनाशी म्हटलं. कठडा धरून तो आणखी थोडा वेळ उभा राहिला, कुणी वाकताना दिसतंय का ते बघत. हॉर्न पुन्हा वाजला, तेव्हा दार ओढून घेऊन तो जिन्याने खाली गेला, कारण लिफ्ट पुन्हा बंद पडली होती.